मागच्या पानावरची ओळ

दिवाळीच्या सुट्टीत दौंडला आपाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "वो ऑपरेशनकी फाइल निकालके दे गे जरा. डाक्टर पुराने कागदाँ मंगते."

माझी ही थोरली बहीण लग्न होऊन दौंडला गेली, मी शिरूरला राहिले. इथल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. जुनी माणसे अजूनही शिरूरला घोडनदीच म्हणतात. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली, पण न्हावरा-चौफुला करीत, एसटी बदलत जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे सुट्टीशिवाय जाणे होत नाही.

फाइल लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली सापडली. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि चार पानांची इंग्रजी सूचनापत्रिका. शेवटचे पान उलटले आणि मी तिथेच बसून राहिले. पानाच्या तळाशी एका ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारली होती. रेघ माझ्याच हातची होती. ओळीचा अर्थ इतकाच होता, की जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी जन्मभर चालू ठेवावी.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. ती ओळ मी वाचली होती, रेघही मारली होती. आपाला मात्र नीट सांगितली नव्हती. त्याचीच ही हकीकत आहे.

२०१४ साली आपा पस्तीस वर्षांची होती. वजन ११८ किलो. दोन बाळंतपणे झाली होती. मधुमेहाच्या गोळ्या होऊन इन्सुलिनवर गाडी आली होती. जिना चढताना दम लागे, रात्री घोरता घोरता श्वास अडके. गुडघे इतके दुखत, की नमाज खुर्चीवर बसून पढावी लागे. ऐन पस्तिशीत खुर्चीवर नमाज! घरातल्या म्हाताऱ्या बायका जमिनीवर सजदा करीत आणि ही त्यांच्या मागे खुर्चीवर बसे. तेव्हा ती खाली मान घाली, ते मला अजून आठवते.

आमच्याकडे जाड बाईला दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, खात्यापित्या घरची आहे, अल्लाहचा करम आहे. दुसरी म्हणतात, तोंडावर ताबा नाही. शादीच्या दावतीत आपाच्या ताटाकडे चारजणी बघत. तिने एक घास कमी खाल्ला तर आग्रह, एक जास्त खाल्ला तर कुजबुज. मीसुद्धा मनातल्या मनात तिला दोष देत असे. आमचे अब्बा काटकुळे होते आणि त्यांनाही मधुमेह होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे या विषयावर वाचू लागले, तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम कळले. या केईएमचे एक ग्रामीण रुग्णालय आमच्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी भरतात. पण त्या लहानशा देहातही चरबीचे प्रमाण जास्त असते, असे त्यात दिसले. २००४ साली त्यांनी आणि डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचे गणित, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचे सारखेच, २२.३. चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हे वाचल्यावर अब्बांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि आपाच्या ताटावर ठेवलेली माझी नजर मलाच टोचली. शरीर आईच्या पोटातून बरेच काही घेऊन येते. भोगणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणे सोपे असते, एवढेच.

पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. आपाचा बीएमआय ४९ होता. आशियाई लोकांसाठी त्या वेळी ३७.५ च्या वर, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर शस्त्रक्रियेचा विचार करीत. म्हणजे आपा ती हद्द केव्हाच ओलांडून गेली होती. दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवायची. याला 'स्लीव्ह' म्हणतात. पोट लहान होते आणि भुकेची सूचना देणारे एक संप्रेरकही कमी तयार होते. खर्च तीन लाखांच्या वर होता. दुल्हेभाईंची बेकरी आहे. विमा कंपनीने हात वर केले, तेव्हा त्यांनी आपाचे दागिने आणि स्वतःचा एक गुंठा विकला. मोहल्ल्यात सांगितले, की पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन आहे.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. बी.एड. नुकतेच झाले होते. दवाखान्यातून सुटताना मी आपाच्या पलंगाशी बसून ती पत्रिका तिला दखनीत समजावून सांगितली. पहिले पंधरा दिवस पातळ, मग मऊ, मग घन. घोट घोट पाणी. जेवताना पाणी नाही. प्रथिने आधी. ती ऐकता ऐकता थकली. दुल्हेभाई खाली गाडी घेऊन उभे होते. शेवटच्या पानावर मी रेघ मारली आणि म्हटले, "ये बादमें देखेंगे." ते 'बाद' आलेच नाही.

पहिले दीड वर्ष ईदसारखे गेले. महिन्या-महिन्याला वजन उतरत होते. सहा महिन्यांत इन्सुलिन सुटले, नंतर गोळ्याही सुटल्या. दीड वर्षात काटा ७४ वर आला. एके दिवशी फोन आला. आधी काही बोलेना, मग म्हणाली, "आज जमीनपर सजदा करी मैं." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून रडले.

केस मूठमूठ गळले, पण परत आले. कातडी मात्र सैल झाली ती झालीच. दंड आणि पोट लोंबू लागले. लोक म्हणाले, आपा अगदी मुलगी दिसते. आपा मला म्हणाली, कपड्यांच्या आत मी म्हातारी झाले.

२०१५ चा रमजान जून-जुलैत आला. दिवस मोठे, उकाडा भयंकर. शस्त्रक्रियेला आठच महिने झाले होते. पहिले वर्ष-दीड वर्ष रोजे धरू नका, असे डॉक्टर सांगतात. ज्याच्या जठरात एका वेळी पेलाभर पाणीही मावत नाही, तो इफ्तार ते सहरीत दिवसभराच्या पाण्याची भरपाई कशी करणार? आजाऱ्याला सवलत आहे, हे आमच्यातले पोरही जाणते. पण आपाचा आजार कुणाला ठाऊकच नव्हता! पित्ताचे ऑपरेशन झालेली, बारीक झालेली, हसतीखेळती बाई रोजा का सोडते, याचे उत्तर द्यावे लागले असते. तिने रोजे धरले. नवव्या रोजाला चक्कर येऊन पडली, सलाइन लावावे लागले. लपवलेल्या आजाराला सवलतही मिळत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे डॉक्टरांना विचारून, थंडीच्या जवळ आलेले रोजे ती धरू लागली. सहरीत अंडे आणि दही, इफ्तारनंतर दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी, असा तिचा नेम आहे.

तिसऱ्या वर्षापासून पुण्याला जाणे थांबले. कारणे आपल्या घरांतली नेहमीचीच. शटलने पुण्याला जायचे, दिवस मोडायचा, तपासण्यांचे पैसे, परतताना रात्र. शिवाय, बरे झालेल्या माणसाने दवाखान्यात कशाला जायचे? दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च मुलांच्या फीपुढे फालतू वाटू लागला. त्यातच कुणीतरी सांगितले, की कॅप्सूलचे वेष्टण जनावरापासून करतात. आपाने उरलेली बाटली फेकून दिली. मला विचारले असते तर सांगता आले असते, की तीच जीवनसत्त्वे साध्या गोळीत आणि इंजेक्शनातही मिळतात. पण विचारावे तरी कुणाला? मी तोवर शिरूरला नोकरीत आणि संसारात रमले होते. फोनवर विचारायची, "वजन कितना?" ती आकडा सांगायची. मी शाबासकी द्यायची, जशी वर्गात मार्कांना देते.

२०१७ साली मुंबईला इजिप्तची इमान अहमद आली. सुमारे ५०० किलो वजन, म्हणून साऱ्या जगात गाजलेली. सैफी रुग्णालयात मार्चमध्ये तिची हीच शस्त्रक्रिया झाली. टीव्हीवर रोज तिच्या किलोंचा हिशेब चाले. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि सप्टेंबरात ती वारली. तिला जन्मापासूनचे, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचेही आजार होते. तिची कथा आपाच्या कथेपेक्षा फार वेगळी. पण आपा त्या रात्री फोनवर म्हणाली, "सब उसके किलोच गिन रहे थे. उसको कैसा लगता, कोई पूछ्या क्या?" मला वाटले, ती इमानबद्दल बोलते आहे.

चौथ्या-पाचव्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. विसरभोळेपणा वाढला. भाजीत मीठ दोनदा पडे. पायऱ्या चढताना पुन्हा दम लागू लागला. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. आपा दर्ग्याला जाऊन आली, ताईत बांधला. शेवटी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.८ आणि ब-१२ जवळजवळ तळाला. अन्नातले ब-१२ अंगी लागण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक लागतो. जठरच कापलेले, तर तो घटक कमी पडणार. लोह आणि ड जीवनसत्त्वही कमी पडू शकते. कमतरता फार काळ राहिली तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. आपाला इंजेक्शने सुरू झाली. विसरभोळेपणा गेला. डाव्या पावलातली बधिरता मात्र अजून आहे. त्या पावलाकडे मी बघू शकत नाही. निळी रेघ त्याच ओळीखाली होती.

वजनही हळूहळू वाढू लागले होते. घरातले चकित! बाई तर चिमणीएवढे खाते. उत्तर बेकरीत होते. गोश्त आणि भाकरी आपाच्या नळीसारख्या पोटात अडकून बसे, छातीत दुखे, कधी उलटी होई. चहात बुडवलेली नानकटाई, खारी, मऊ पाव मात्र सहज उतरत. पोट भरल्याचे कळत नसे. मग भूक लागली की चहा-नानकटाई, कंटाळा आला की चहा-नानकटाई. थोडे थोडे, दिवसभर. मऊ आणि गोड पदार्थ शस्त्रक्रियेला असेच चकवतात. यात लबाडी नव्हती. जे सोसवते ते बिचारी खात होती आणि काय खावे हे बघायला कुणी नव्हते.

वाढत्या काट्याबरोबर आपा गप्प होत गेली. फोनवर वजन सांगेना. दोन लग्नांना आली नाही. दागिने विकून केलेले ऑपरेशन आपण वाया घालवले, असा तिचा समज झाला होता. सहाव्या वर्षी साखर परत आली, ते तिने दुल्हेभाईंनाही चार महिने सांगितले नाही. जळजळीने रात्र रात्र उशीला टेकून बसायची, तेही नाही.

मग मी वाचायला बसले. शिक्षकाला अपराधी वाटले की तो पुस्तकाकडे धावतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या आणि तितक्याच न झालेल्या लठ्ठ माणसांचा अभ्यास चालू झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के घटलेले होते, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे थोडे वजन परत येते, ते बहुतेकांचे येते. मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचा दोन वर्षांनी गेलेला होता. दहा वर्षांनी तो ३६ टक्क्यांचाच गेलेला राहिला. तरीही शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा ही माणसे सरासरी तीन वर्षे जास्त जगली, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या शस्त्रक्रिया बहुतेक जुन्या पद्धतीच्या होत्या. पण फिनलंडमध्ये आपासारखीच 'स्लीव्ह' झालेल्यांना दहा वर्षांनी तपासले, तेव्हा ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली दिसली. आतड्याला वळण देणाऱ्या 'बायपास'मध्ये ते प्रमाण ७ टक्के होते. आपाची जळजळ म्हणजे तिचा नखरा नव्हता, हेही त्यात लिहिलेले होते.

हे आकडे मी तिला दौंडला जाऊन, शेजारी बसून, दखनीत सांगितले. आज तिचे वजन ९१ आहे. ११८ मधून २७ गेले, म्हणजे २३ टक्के. मी वहीवर भागाकार करून दाखवला. स्वीडनच्या लोकांचे दहा वर्षांनी १७ टक्केच घटलेले राहिले होते. ती वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "मतलब मैं फेल नै हुई?"

पस्तीस मुलांच्या वर्गाला रोज पास-नापास करणारी मी. या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मी तिच्या गळ्यात पडले.

शस्त्रक्रिया करू नये, असे मी म्हणत नाही. केली नसती तर आज आपा कशी असती, याची कल्पनाही करवत नाही. दहा वर्षे इन्सुलिनशिवाय गेली आहेत. साखर परत आली, तरी एका गोळीवर आहे. श्वास अडकत नाही. आणि ती आजही जमिनीवर सजदा करते. पण शस्त्रक्रिया दोन तासांची असते आणि तिचा संसार जन्माचा असतो. आपण पैसे जमवतो ते दोन तासांसाठी. जन्मभराच्या गोळ्या, तपासण्या, ताटातले गोश्त की नानकटाई, रमजानातले पाणी, आरशासमोरचे दुःख, यांची तजवीज कुणी करीत नाही. ती एकट्या बाईवर सोडून देतो आणि वजन वाढले की तिलाच विचारतो, "तू काय केलेस?"

आपाची मुलगी आता सतरा वर्षांची आहे. अंगाने आईवर गेली आहे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतातही मिळू लागली. तिने मोबाइलवर बघून मला विचारले, "खाला, ये अच्छा की ऑपरेशन अच्छा?" मी म्हटले, ते डॉक्टर ठरवतील. पण इंजेक्शन थांबवले की गेलेले वजन बरेचसे परत येते, हेही वाचून ठेव. कोणताही रस्ता धर, शेवटचे पान आधी वाच. आपा आतून ओरडली, "और किसीसे छुपाव नक्को!"

त्या दिवशी मी ती चारही पाने उर्दूत आणि मराठीत लिहून काढली. दुल्हेभाईंसाठी मराठी, कारण ते मराठी शाळेत शिकले, आपासाठी उर्दू. शेवटचे पान पहिले केले. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. दुल्हेभाई बराच वेळ वाचत उभे होते. मग म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी हे सांगितले असते तर मी बेकरी एक दिवस बंद ठेवून हिला पुण्याला नेले असते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आता नोव्हेंबरात मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकते. पहाटे दौंडला भट्टी पेटलेली असते. आपा उपाशीपोटी रक्त द्यायला तयार होऊन बसलेली असते. आम्ही दोघी पुण्याच्या गाडीत बसतो. तिच्या पिशवीत उकडलेली दोन अंडी असतात, माझ्या पिशवीत ती फाइल. वजनाच्या काट्यावर ती चढते तेव्हा मी दुसरीकडे बघते. उतरल्यावर विचारते, "आपा, पाँवकी मुंगियाँ कैसी हैं?"